अंबरनाथची अक्षरे

मुंबईहून निघालेली लोकल कल्याण ओलांडते तेव्हा लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याच्या घाटाकडे जातो, दुसरा कर्जतकडे वळतो. या दुसऱ्या वाटेवर विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर मागे टाकून गाडी अंबरनाथला थांबते. मुंबईपासून हे अंतर सुमारे साठ किलोमीटर. विसाव्या शतकात काडेपेट्यांचा कारखाना, आयुधनिर्माणी आणि रसायनांचे कारखाने यांमुळे हे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले. सकाळच्या गर्दीत डबा हातात घेऊन धावणाऱ्या चाकरमान्याला अंबरनाथ म्हणजे घर आणि गाडीचे वेळापत्रक एवढेच ठाऊक असते. परंतु पूर्वेच्या बाजूस उतरून साधारण दोन किलोमीटर गेल्यावर, वालधुनी नदीच्या काठी, या गावाला ज्याने नाव दिले ते शिवालय उभे आहे. या मंदिराच्या दारावर कोरलेल्या काही ओळींनी एकेकाळी मोठमोठ्या विद्वानांना कोड्यात टाकले होते. ते कोडे आजच्या घरोघरच्या एका कामाशी फार जवळचे नाते सांगते.

मंदिर काळ्या दगडाचे आणि पश्चिमाभिमुख आहे. सभामंडपाला तीन बाजूंनी दारे आहेत. मंडपातील खांब इतके कोरीव की त्यांवर मोकळी जागा शोधूनही सापडत नाही. गाभाऱ्यात जाण्यासाठी पायऱ्या खाली उतराव्या लागतात. शिखराचा वरचा भाग आज नाही, त्यामुळे आत उभे राहून वर पाहणाऱ्याला आकाश दिसते. बाहेरच्या भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी आणि हत्तींच्या रांगा आहेत. स्थापत्याचे अभ्यासक या रचनेला भूमिज शैली म्हणतात. महाशिवरात्रीला येथे मोठी जत्रा भरते. एरवी दुपारच्या वेळी येथे शांतता असते आणि ज्याला सावकाश पाहायचे आहे त्याला पाहता येते.

उत्तरेकडील दाराच्या वरच्या तुळईवर, आतल्या अंगाला, एक लेख कोरलेला आहे. भाषा संस्कृत, लिपी नागरी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मंदिराकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांना येथे पाठवून मंदिराची रेखाचित्रे आणि साचे तयार करण्यात आले. त्याच सुमारास लेखाच्या वाचनाचेही प्रयत्न झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातील वर्ष शके ७८२ असे वाचले, म्हणजे इसवी सन ८६०. भाऊ दाजी हे काही नवशिके नव्हते. मुंबईचे नामवंत वैद्य, अजिंठ्याच्या लेखांवर परिश्रम घेतलेले पंडित, जुन्या नाण्यांचे आणि लेखांचे जाणकार, अशी त्यांची ख्याती होती. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा लेख पुन्हा तपासला आणि वर्ष शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असल्याचे दाखवून दिले. आज सर्व अभ्यासक हेच वर्ष मान्य करतात.

फरक एका अंकाचा. सातच्या जागी नऊ. पण त्या एका अंकाने मंदिर दोनशे वर्षांनी अलीकडे आले.

हे दोघे एकमेकांना परके नव्हते, ही या कथेतील हृद्य गोष्ट आहे. भगवानलाल मूळचे जुनागडचे. गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिलालेखांनी त्यांना तरुणपणी वेड लावले. भाऊ दाजींनी त्यांना मुंबईला बोलावून घेतले आणि अनेक वर्षे ते भाऊ दाजींसाठी गावोगाव हिंडून लेखांच्या नकला मिळवत राहिले. ज्या हाताने गुरूला सामग्री पुरवली, त्याच हाताने गुरूच्या वाचनातील चूक दुरुस्त केली. त्यात अवमान नव्हता. भाऊ दाजींची थोरवीही त्यामुळे उणावली नाही. लेख मूळ जागी होता, अक्षरे दगडावर होती, म्हणून दुसऱ्याला पुन्हा पाहता आले. दगडाचा ठसा आणि त्या ठशाचे वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मात्र त्यातून स्पष्ट झाले.

शिलालेखाचा ठसा घेण्याची रीत जुनी आहे. दगड ब्रशने घासून स्वच्छ करायचा, त्यावर ओला कागद पसरायचा, तो कुंच्याने ठोकून खाचांत बसवायचा आणि वरून शाई लावायची. कोरलेला भाग पांढरा राहतो, बाकीचा काळा होतो. हा ठसा घरी नेऊन दिव्याखाली वाचता येतो. परंतु ठशाला अक्षर कळत नाही. दगडावरची भेग, पाखरांची विष्ठा, कोरणाऱ्याची चुकलेली छिन्नी हे सारे तो त्याच निष्ठेने उमटवतो. त्यातून अक्षर कोणते आणि ओरखडा कोणता हे ठरवणे वाचकाचे काम असते. त्या कामी त्याला नुसती दृष्टी पुरत नाही, बाहेरचे ज्ञानही लागते. अंबरनाथच्या लेखात शिलाहार राजा मुम्मुणी याचे नाव आहे. मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज. छित्तराजाचा एक ताम्रपट भांडुप येथे मिळाला, तो शके ९४८ चा, म्हणजे इसवी सन १०२६ चा आहे. धाकट्या भावाचा लेख थोरल्याच्या आधी दीडशेहून अधिक वर्षे कसा असेल? असा मेळ घातला की अंक आपोआप जागेवर बसतो.

मंदिरातून परत स्थानकाकडे येताना हीच गोष्ट वेगळ्या वेषात भेटते. रस्त्याच्या कडेला झेरॉक्स, टंकलेखन, ऑनलाइन अर्ज, फोटो यांच्या पाट्या लागतात. अशा दुकानांत लोक आणतात ते कागद पाहण्यासारखे असतात. खरेदीखत, सातबाराचा जुना उतारा, सोसायटीच्या सभांची इतिवृत्ते, कारखान्यातील नोकरीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांनी लिहून ठेवलेली वंशावळ, आजीच्या हातची पदार्थांची वही. शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर सिंधी कुटुंबे येऊन वसली. त्यांच्या पेट्यांत उजवीकडून डावीकडे लिहिलेले कागद आहेत आणि ते वाचू शकणारी पिढी हळूहळू ओसरत आहे. जुन्या मराठी घरांत मोडीतले कागद निघतात. त्यांचीही तीच अवस्था आहे.

या परिसरात कागद जपण्याची निकड लोकांना पाण्याने शिकवली. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या वस्त्यांत पाणी शिरवले. तळमजल्यावरच्या कपाटांतले, पलंगाखालच्या ट्रंकांतले दस्तऐवज चिखलाने एकमेकांना चिकटले. दोरीवर कपडे वाळवावेत तसे कागद वाळवण्याची पाळी त्या दिवसांत कित्येक घरांवर आली. त्यानंतर कागदाचे चित्र काढून ठेवावे, एवढी जाण सर्वत्र आली. आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे.

परंतु चित्र काढले म्हणजे मजकूर हाती आला, हा समज खरा नव्हे. स्कॅन केलेले पान संगणकाच्या लेखी केवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जाळी असते. त्यात नाव शोधता येत नाही, ओळ सुधारता येत नाही, परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही. तो शिलालेखाचा ठसाच होय. त्या ठिपक्यांतून अक्षरे ओळखून, ती टंकलेखन केल्यासारखी फिरवता-बदलता येतील अशा रूपात आणण्याच्या तंत्राला ओसीआर म्हणतात. मराठीत त्याला अक्षरओळख म्हणता येईल. भगवानलालांनी दिव्याखाली जे केले, ते काम येथे यंत्राकडे सोपवले जाते.

देवनागरीसाठी हे तंत्र घडवण्याचे प्रयत्न भारतात १९७० च्या दशकात आय.आय.टी. कानपूर येथे सुरू झाले. पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बांगला आणि देवनागरी या दोन्ही लिपींवर महत्त्वाचे काम झाले. पुण्याच्या सी-डॅकने ‘चित्रांकन’ नावाची प्रणाली हिंदी आणि मराठीसाठी उपलब्ध केली. ‘टेसरॅक्ट’ ही मूळची अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेतली प्रणाली २००५ साली सर्वांसाठी खुली झाली आणि आज ती मराठीही वाचते. गूगलच्या सेवेतही चित्र दिल्यावर मराठी मजकूर मिळतो. एकेकाळी मोठ्या संस्थांनाच परवडणारे हे साधन आज अंबरनाथच्या कोणत्याही घरात बसून वापरता येते.

यंत्र वाचते कसे हे समजून घेतले की ते कोठे चुकेल याचाही अंदाज येतो. देवनागरीत शिरोरेषा संपूर्ण शब्दाला एका दोरीत ओवते. म्हणून जुन्या पद्धतीत यंत्र प्रथम शिरोरेषा शोधते, तिच्या आधारे शब्द वेगळे काढते, मग ती रेषा बाजूला ठेवून खालची अक्षरे सुटी करते. वर मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार, मधे जोडाक्षरे, असे तीन मजले त्याला एकाच वेळी सांभाळावे लागतात. नव्या पद्धतीत यंत्राला असंख्य नमुने दाखवून पूर्ण ओळ वाचण्याचा सराव दिलेला असतो. त्यामुळे अचूकता पुष्कळ वाढली आहे. तरीही घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्या त्याला फसवतात. फिकट छपाईत अनुस्वार गळतो आणि कागदावरचा डाग अनुस्वार होऊन बसतो. ‘शिवालंय’ असा शब्द निघाला तर माणूस हसून तो सुधारतो. परंतु ‘चिंता’चे ‘चिता’ झाले तर? दोन्ही शब्द खरे आहेत, वाक्यही ओढूनताणून लागते, आणि डोळा पुढे सरकतो.

खरा धोका येथेच आहे. निरर्थक चूक स्वतःच ओरडून सांगते. अर्थपूर्ण चूक गप्प राहते. आणि सर्वांत गप्प चूक अंकाची. शब्दाला मागचा-पुढचा आधार असतो, तसा अंकाला नसतो. १ चा ९ झाला, ३ चा २ झाला, तर वाक्यातले दुसरे काहीही बिघडत नाही. जन्मवर्ष, सर्व्हे नंबर, खात्यावरची रक्कम, दस्ताचा क्रमांक यांतील एक अंक बदलला की निवृत्तिवेतन अडते किंवा वारसाची नोंद रखडते. एका छापील पानावर साधारण दीड हजार अक्षरे असतात असे धरले आणि यंत्राने शंभरातली अठ्ठ्याण्णव बरोबर ओळखली, तर ते कौतुकास्पद वाटते. पण त्या पानावर तीस चुका राहिल्या, हा त्याच हिशेबाचा दुसरा अर्धा भाग आहे. त्या तिसांपैकी एखादी चूक अंबरनाथच्या दारावरच्या सातासारखी असू शकते.

नकलेतील चुकीचे हे भय जैन परंपरेला नवे नाही. ग्रंथभांडारांतील हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिक नम्रपणे नोंदवत की समोरच्या पोथीत जसे दिसले तसे लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष आपल्यावर ठेवू नये. मान, पाठ आणि दृष्टी झिजवून लिहिलेली पोथी यत्नाने सांभाळावी, अशी विनंतीही ते करत. श्रुतपंचमीला आणि ज्ञानपंचमीला पोथ्या बाहेर काढायच्या, झटकायच्या, वाळवी-कसर पाहायची, वेष्टने बदलायची, हा प्रघातही त्याच दक्षतेतून आला आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मूडबिद्रीचे आहे. षट्खंडागम आणि त्यावरील धवला टीका यांच्या ताडपत्रावरील प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे जुन्या कन्नड लिपीत जपलेल्या होत्या. त्यांचे दर्शन होई, वाचन होत नसे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे माणिकचंद यांनी पुढाकार घेतला आणि त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. ते वर्षानुवर्षे चालले. त्या नकलेवरून पुढे आणखी नकला झाल्या. त्यांच्या आधारे डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावतीहून १९३९ साली धवलेचा पहिला भाग प्रसिद्ध केला. संपादन करताना त्र्याण्णवाव्या सूत्रात ‘संजद’ हे एक पद गळाले असावे असे संपादकांना जाणवले. टीकेतील विवेचन त्या पदावाचून जुळत नव्हते. हाती असलेल्या नकलांत ते पद नव्हते. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्राशी ताडून पाहिले, तेव्हा ते पद तेथे मिळाले. या एका पदावरून विद्वानांत मोठा वाद झाला, तो सर्वश्रुत आहे. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. लक्षात घ्यायचे ते एवढेच की शंका अर्थाच्या ज्ञानाने उत्पन्न झाली आणि निर्णय मूळ प्रतीने दिला. ताडपत्र जतन केले नसते तर शंका शंकाच राहिली असती.

अंबरनाथचा अंक आणि मूडबिद्रीचे पद यांतून घरच्या कागदांसाठी एक साधी शिस्त हाती येते. कागद सपाट ठेवावा, त्यावर सावली वा चकाकी पडू देऊ नये, आणि इंचाला किमान तीनशे ठिपके एवढ्या सूक्ष्मतेने त्याचे चित्र घ्यावे. पान तिरके असेल तर आधी सरळ करावे, कारण शिरोरेषा कलली की यंत्राचा पाया ढळतो. वाचनाची भाषा मराठी निवडावी. हिंदी निवडल्यास लिपी एक असूनही ‘ळ’ आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ यांसारख्या मराठी वळणांवर यंत्र अडखळू शकते. निघालेला मजकूर युनिकोडमध्ये जतन करावा. विशिष्ट जुन्या फाँटवर अवलंबून असलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांचा ढीग होतो, हा अनुभव अनेक छापखान्यांनी आणि नियतकालिकांनी घेतला आहे. हस्ताक्षर आणि मोडी यांच्या बाबतीत यंत्रावर भार टाकू नये. तेथे जाणता वाचकच गाठावा, आणि तो आहे तोवर गाठावा.

त्यानंतरचे काम दोघांचे आहे. एकाने मूळ कागद हाती घेऊन मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पडद्यावर ताडून पाहावे. अंक सुटे सुटे उच्चारावेत, ‘एकोणीसशे एकोणसाठ’ असे न म्हणता ‘एक, नऊ, पाच, नऊ’. बेरीज असेल तर ती पुन्हा करून पाहावी. जन्मवर्ष आणि विवाहवर्ष, वडिलांचे वय आणि मुलाचे वय यांचा मेळ घालावा. भांडुपच्या ताम्रपटाने अंबरनाथच्या लेखाला जशी साक्ष दिली, तशी घरातला एक कागद दुसऱ्याला साक्ष देतो. जेथे अक्षर लागत नाही तेथे अंदाजाने भरू नये, प्रश्नचिन्ह ठेवावे. प्रामाणिक प्रश्नचिन्ह पुढच्या वाचकाला वाट दाखवते. आणि मजकूर तयार झाला म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नये. चित्र, मजकूर आणि कागद ही तिन्ही एकत्र राहिली तरच पुढची पिढी आधीच्या पिढीची चूक दुरुस्त करू शकेल.

या कामाचा आणखी एक लाभ होतो, तो यंत्रात कोठे नोंदला जात नाही. आजोबा वाचत आहेत आणि नातवंड पडद्यावर पाहत आहे, अशा बैठकीत कागद बोलू लागतो. हे गाव कोणते, ही सही कोणाची, हे नाव पुढे का बदलले, असे प्रश्न निघतात आणि उत्तरे देणारा समोर बसलेला असतो. एकट्या यंत्राने क्षणात पान काढून दिले असते तर हे संभाषण झालेच नसते.

संध्याकाळी वालधुनीच्या काठावरून पुन्हा मंदिराकडे पाहावे. शिखराच्या मोकळ्या जागेतून शेवटचा उजेड आत उतरत असतो. उत्तरेच्या दारावरच्या ओळी त्या वेळी जवळजवळ दिसेनाशा होतात. दर्शनाला येणारे त्यांच्याखालून जातात, बहुतेकांना त्या तेथे आहेत हे ठाऊकही नसते. तरी सुमारे साडेनऊशे वर्षे त्या आपल्या जागी आहेत. एका विद्वानाने त्या वाचल्या, दुसऱ्याने दुरुस्त केल्या. उद्या तिसरा कोणी येऊन पुन्हा पाहू म्हणाला, तर त्यासाठीही दगड तेथेच आहे. थोड्याच वेळात स्थानकाकडून गाडीचा भोंगा ऐकू येतो आणि परतीचा प्रवासी पूर्वेच्या फलाटाकडे पावले वळवतो. घरी पोचल्यावर कपाटातली जुनी पेटी उघडावी, असे त्याला त्या रात्री वाटले तर अंबरनाथची यात्रा सफळ झाली म्हणावी.